कुत्र्यांना होणारा रक्ताचा कर्करोग

घरांत पाळलेल्या कुत्र्याच्या गळ्याखालून हात फिरविण्याची संवय घरांतील लहानथोर सर्वांनाच असते. पट्टा बांधतांना, आंघोळ घालतांना, किंवा दिवेलागणीच्या वेळीं तो पायाशीं येऊन बसला म्हणजे हात सहजच तिकडे जातो. अशाच एखाद्या दिवशीं जबड्याच्या कोनाखालीं, दोन्ही बाजूंस, सुपारीएवढ्या दोन गांठी हातास लागतात. कुत्रा जेवत असतो, शेपटी हालवीत असतो. गांठी दाबल्या तरी कुरकुर करीत नाहीं. दुखत नाहीं त्या अर्थी विशेष कांहीं नसावें, असें समजून घरची मंडळी पंधरा-वीस दिवस घालवितात. कुत्र्यांतील रक्ताच्या कर्करोगाचा सर्वांत नेहमींचा प्रकार बहुधा असाच, न दुखतां व न बोलतां, घरांत शिरतो.

‘रक्ताचा कर्करोग’ हा शब्दप्रयोग फार सैल आहे, आणि त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. रक्तांतील पेशींचें उगमस्थान म्हणजे हाडांच्या पोकळींतील मज्जा. प्राणवायु वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशीं झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट यांची निपज तेथें अहोरात्र चाललेली असते. यांपैकीं पांढऱ्या पेशींची वाढ ताळतंत्र सोडून होऊं लागली, म्हणजे जो रोग उद्भवतो त्यास लोक रक्ताचा कर्करोग म्हणतात. बर्लिनचा रुडॉल्फ फिरखो आणि एडिंबरोचा जॉन ह्यूज बेनेट या दोन वैद्यांनीं १८४५ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, अशा रोग्यांच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १८४७ सालीं फिरखोनें त्या रोगास ‘ल्युकेमिया’, म्हणजे पांढरें रक्त, असें नांव दिलें. माणसांच्या बाबतींत हें नांव इतकें रुळलें आहे कीं, कुत्र्याच्या आजारांतही तोच शब्द प्रथम तोंडांत येतो. परंतु मज्जेंतच सुरू होणारा खरा ल्युकेमिया कुत्र्यांत त्या मानानें विरळा. रक्तपेशींच्या कर्करोगानें आजारी पडणाऱ्या दर पांच कुत्र्यांपैकीं सुमारें चारांत रोगाचें ठाणें मज्जेंत नसून लसिकाग्रंथींत असतें, आणि त्या रोगाचें नांव लिम्फोमा. प्लीहेंत वाढून एकाएकीं फुटणारी व पोटांत रक्तस्राव करणारी जी गांठ कित्येक वयस्क कुत्र्यांत आढळते, तिलाही घरोघर रक्ताचा कर्करोगच म्हणतात. पण तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग होय, आणि त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं.

लसिकाग्रंथी म्हणजे शरीरांतील पहाऱ्याच्या चौक्या. पांढऱ्या पेशींपैकीं लसिकापेशी या नांवाची जात तेथें वसतीस असते. कुत्र्याच्या अंगावर या चौक्या हातास लागण्याजोग्या जागा मुख्यतः तीन : जबड्याखालीं, खांद्याच्या पुढील बाजूस, आणि मागील पायांत गुडघ्याच्या मागें. निरोगी स्थितींत त्या शोधाव्या लागतात; लिम्फोमांत त्या कित्येक पटींनीं मोठ्या, टणक आणि बहुधा न दुखणाऱ्या अशा होतात. एकच ग्रंथी वाढलेली असल्यास रोग पहिल्या पायरीवर. सर्वांगांतील ग्रंथी वाढल्या म्हणजे तिसऱ्या. यकृत व प्लीहा यांत शिरला म्हणजे चौथ्या. आणि रक्तांत, मज्जेंत अथवा इतर अवयवांत पोंचला म्हणजे पांचव्या, अशी गणना पशुवैद्य करतात. बहुतेक कुत्रे दवाखान्यांत येतात ते तिसऱ्या पायरीवर किंवा तिच्याही पुढें. कारण पहिल्या दोन पायऱ्या घरांतील कोणाच्याच ध्यानांत येत नाहींत.

हा रोग मुख्यतः मध्यम व उतार वयांतील कुत्र्यांचा. बॉक्सर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत तो अधिक आढळतो. अमेरिकेंत २०१२ सालापासून तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची जन्मभर नोंद ठेवण्याचा एक मोठा उपक्रम चालू झाला, तो याच जातीला कर्करोगानें विशेष ग्रासल्यामुळें. मात्र जातिवंतपणा हेंच काय तें कारण, असें समजूं नये. रस्त्यावरून उचलून आणलेल्या गांवठी कुत्र्यासही लिम्फोमा होतो. तो एका कुत्र्यापासून दुसऱ्यास, किंवा कुत्र्यापासून माणसास लागत नाहीं. मांजरांत अशा रोगामागें एक विषाणू असूं शकतो. कुत्र्यांत तसा कोणताही विषाणू सिद्ध झालेला नाहीं. तेव्हां घरांतील मुलांना आजारी कुत्र्यापासून दूर ठेवण्याचें, निदान या कारणासाठीं, प्रयोजन नाहीं.

गांठी हातास न लागतांही हा रोग अंगांत असूं शकतो, आणि मग तो आपल्या उपद्रवांच्या रूपानेंच प्रथम ओळख देतो. लसिकापेशींच्या बी आणि टी अशा दोन जाती आहेत. त्यांपैकीं टी जातीच्या लिम्फोमांत कित्येकदां रोगट पेशी असें एक द्रव्य सोडतात कीं, जें शरीरांतील कॅल्शियमचें नियमन करणाऱ्या ग्रंथींच्या स्रावाची हुबेहूब नक्कल करतें. हाडांतील कॅल्शियम मग रक्तांत उतरूं लागतें. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ति जाते. कुत्रा भांडेंच्या भांडें पाणी पितो आणि इतकीं वर्षें शिस्तीनें वागलेला प्राणी रात्रीं घरांतच लघवी करतो. घरचे लोक त्याच्यावर रागावतात, किंवा मधुमेहाची शंका घेतात. हें कॅल्शियम वेळीं उतरविलें नाहीं, तर कर्करोगाच्या आधीं मूत्रपिंडेंच निकामी होतात. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांना येथें एक साधें माप उपयोगी पडेल : दिवसभरांत वजनाच्या दर किलोमागें १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणें स्वाभाविक नव्हे. वीस किलो वजनाचा कुत्रा रोज दोन लिटरांच्या वर पाणी पिऊं लागला, तर त्याचें रक्त तपासावयास हवें. भांड्यांत पाणी मोजून ओतावें आणि दुसऱ्या दिवशीं उरलेलें मोजावें, एवढेंच काम.

मज्जेंत रोग शिरला म्हणजे उपद्रवांचा दुसरा वर्ग सुरू होतो. तेथील जागा रोगट पेशींनीं व्यापली गेल्यामुळें उपयुक्त पेशींची निपज खुंटते. या पेशींचीं आयुर्मानें अगदीं निरनिराळीं आहेत, आणि लक्षणांचा क्रम त्यांवरूनच ठरतो. जंतूंवर पहिला हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तांत कांहीं तासच टिकतात, प्लेटलेट जेमतेम आठवडाभर, तर तांबडी पेशी कुत्र्याच्या अंगांत सुमारें ११० दिवस जगते. म्हणून निपज एकदम थांबली तर प्रथम ताप येतो, मग रक्तस्राव होऊं लागतो, आणि पांडुरोग सर्वांत मागाहून येतो. हिरड्यांवर व पोटाच्या उघड्या कातडीवर टांचणीच्या टोंकाएवढे तांबडे ठिपके, नाकांतून रक्त, डांबरासारखी काळी विष्ठा, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, हीं त्यांचीं घरीं दिसणारीं चिन्हें होत. कधीं कधीं शरीराची संरक्षणयंत्रणाच बिघडून स्वतःच्याच तांबड्या पेशींचा संहार करूं लागते; आणि मज्जेंतील प्रथिनें तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग असेल, तर रक्त काकवीसारखें दाट होऊन डोळ्यांच्या पडद्यांत रक्तस्राव होतो व कुत्रा अकस्मात् आंधळा होतो.

आतां जी गोष्ट भारतांतील कुत्रेवाल्या घरांस सर्वांत अधिक महत्त्वाची, ती अशी कीं, वर सांगितलेलीं बहुतेक चिन्हें कर्करोगावांचूनही उद्भवतात. गोचिडीच्या चाव्यानें होणारा एरलिकियोसिस नांवाचा ताप हा तर कर्करोगाचें हुबेहूब सोंग घेणारा बहुरूपी आहे. त्यांत ग्रंथी वाढतात, प्लीहा वाढते, प्लेटलेट घसरतात, नाकांतून रक्त येतें, वजन उतरतें. रोग जुना झाला म्हणजे मज्जा वठून जाते; क्वचित् रक्तांतील लसिकापेशी इतक्या वाढतात कीं, अहवाल पाहणाऱ्यास ल्युकेमियाच वाटावा; आणि रक्तांतील प्रथिनें मज्जेच्या कर्करोगासारखीं चढतात. या रोगाचा जंतु दोनातियां आणि लेस्तोकार या दोन फ्रेंच संशोधकांनीं १९३५ सालीं अल्जीरियांत प्रथम वर्णिला. पण त्याचें उग्र रूप जगास दिसलें तें व्हिएतनामच्या युद्धांत. १९६८ ते १९७० या काळांत अमेरिकी सैन्यांतील दोनशेहून अधिक कुत्रे, त्यांत विशेषतः जर्मन शेफर्ड, नाकांतून रक्त वाहून या रोगानें मेले. त्याच गोचिडींच्या द्वारें पसरणारा दुसरा सोबती म्हणजे तांबड्या पेशींत शिरणारा बाबेसिया. त्याच्या एका जातीचें पहिलें वर्णन भारतांतलेंच : १९१० सालीं मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत पॅटन यास ती आढळली. मुंबई-पुण्याच्या दमट, उबदार हवेंत भिंतींच्या फटींतून आणि जिन्याखालच्या कोपऱ्यांतून गोचिडी वर्षाचे बारा महिने नांदतात. त्यामुळें तेथें हिरड्यांवर ठिपके दिसलेला कुत्रा प्रथम गोचीडतापाचा संशयित ठरतो, आणि तें योग्यच आहे.

एरलिकियोसिस डॉक्सिसायक्लिन या साध्या व स्वस्त औषधानें, तें २८ दिवस नेमानें दिलें असतां, आटोक्यांत येतो. आणि रोग नवा असेल तर दोन-तीन दिवसांतच कुत्रा उठून बसतो. तेव्हां केवळ प्लेटलेटच्या आंकड्यावरून ‘कर्करोग आहे, आतां कांहीं उपाय नाहीं’ असें ठरवून जो घरमालक तपासणी सोडतो, तो कदाचित् बऱ्या होणाऱ्या प्राण्यास मृत्यूच्या हवालीं करीत असतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दवाखान्यांत रक्ताच्या थेंबावर पांच-दहा मिनिटांत होणारी जी चाचणी आहे, ती जंतु दाखवीत नाहीं. जंतूविरुद्ध शरीरानें पूर्वीं कधीं तरी निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें दाखविते. गोचिडींच्या शहरांत कित्येक निरोगी कुत्र्यांचीही ही चाचणी होकारार्थी येते. म्हणून चाचणी होकारार्थी आली, एवढ्यावरून वाढलेल्या गांठींचा उलगडा झाला असें मानणें ही उलट दिशेची चूक होय. एकाच कुत्र्यास गोचीडताप आणि लिम्फोमा हीं दोन्ही असूं शकतात. औषध चालू असतां आठवड्याभरांत गांठी उतरल्या नाहींत, तर त्यांच्यांत सुई घालून पाहिलीच पाहिजे.

ही सुई घालणें ऐकावयास वाटतें तितकें भयंकर नाहीं. साध्या इंजेक्शनच्या बारीक सुईनें ग्रंथींतील थोड्या पेशी उचलून कांचेवर पसरतात, रंगवितात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बहुधा भूलही द्यावी लागत नाहीं. जाणते पशुवैद्य जबड्याखालची ग्रंथी सोडून गुडघ्यामागची घेतात; कारण किडलेल्या दांतांमुळें जबड्याखालची ग्रंथी नेहमींच थोडी सुजलेली असते व परीक्षकास चकविते. निरोगी ग्रंथींत लहानमोठ्या निरनिराळ्या पेशींचा मेळा दिसतो. लिम्फोमांत एकाच छापाच्या मोठ्या, अपक्व पेशी कांचभर पसरलेल्या दिसतात. रोग बी जातीचा कीं टी जातीचा, हें पुढील तपासणीनें कळतें, आणि आयुष्याचा अंदाज पुष्कळसा त्यावर अवलंबून असतो.

या सुईच्या आधीं जी एक घाई होते, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. प्रेड्निसोलोनसारखें स्टिरॉइड दिलें कीं, कुत्र्यास भूक लागते, ताप उतरतो, आणि लिम्फोमा असेल तर गांठी चार दिवसांत विरघळल्यासारख्या होतात. घरांत आनंदीआनंद होतो. पण हें औषध लसिकापेशींना मारतें म्हणूनच गांठी लहान होतात. त्यानंतर घातलेल्या सुईंत रोगाचें चित्र पुसट येतें, आणि त्याहून वाईट म्हणजे जगलेल्या रोगट पेशी औषधांना दाद न देण्यास शिकतात. पुढें पूर्ण उपचार करावयाचे ठरलें, तर त्यांचा गुण कमी येतो व कमी टिकतो. कुत्र्याचा जीवच धोक्यांत असतां पशुवैद्य समजून उमजून स्टिरॉइड देतात, ती गोष्ट निराळी. शेजाऱ्याच्या कुत्र्यास गुण आला म्हणून उरलेल्या गोळ्या आपल्या कुत्र्यास चारणें ही मात्र भूतदया नव्हे.

लिम्फोमावरील मुख्य उपचार म्हणजे चार औषधांचा मेळ. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘चॉप’ म्हणतात. त्यांपैकीं व्हिन्क्रिस्टिन हें ज्या झाडापासून निघतें तें महाराष्ट्रांत अंगणोंअंगणीं फुललेलें असतें : तेंच मूळचें मादागास्करचें सदाफुलीचें झाड. माणसांसाठीं त्यास अमेरिकेंत १९६३ सालीं मान्यता मिळाली. डॉक्सोरुबिसिन हें लालभडक औषध इटलींतील मातींत सांपडलेल्या जंतूंपासून मिळालें. सायक्लोफॉस्फमाइड हें महायुद्धांतील मस्टर्ड वायूच्या कुळांतलें. आणि चौथें तें वर सांगितलेलें प्रेड्निसोलोन. सदाफुलीच्या पाल्याचा काढा करून कुत्र्यास पाजण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. पानांत हें द्रव्य अत्यल्प असतें, त्याच्याबरोबर इतर विषारी द्रव्यें असतात, आणि शुद्ध औषधही शिरेंतूनच द्यावें लागतें; शिरेबाहेर थेंब सांडला तर तेथील मांस सडतें. काढ्यानें कुत्र्यास विषबाधा होण्याचाच संभव अधिक.

हीं औषधें १९ ते २५ आठवड्यांत, ठराविक अंतरानें, आळीपाळीनें देतात. बी जातीच्या लिम्फोमांत दहांपैकीं आठ-नऊ कुत्र्यांच्या गांठी पूर्णपणें नाहींशा होतात. कांहीं काळ तो कुत्रा आजारी होता हेंही ओळखूं येत नाहीं. परंतु याला बरें होणें म्हणत नाहींत. रोग दबलेला असतो, व बहुतेकांत तो परत उठतो. उपचार मुळींच न केल्यास निदानानंतर आयुष्य साधारणपणें चार ते सहा आठवडे. नुसत्या प्रेड्निसोलोनवर एक-दोन महिने. पूर्ण उपचारांनीं बी जातींत सुमारें बारा महिने, टी जातींत सहा ते नऊ. दोन वर्षें पाहणारे कुत्रे चारांत एकाहूनही कमी. हे आंकडे घरमालकानें उपचार सुरू करण्यापूर्वीं ऐकावे, मागाहून नव्हे. कुत्र्याच्या आयुष्याचें एक वर्ष माणसाच्या पांच-सात वर्षांच्या तोडीचें, हेंही त्याबरोबर ध्यानांत घ्यावयास हरकत नाहीं.

औषधांचा त्रास माणसांस होतो तितका कुत्र्यांस होत नाहीं, कारण मात्रा मुद्दामच कमी ठेवलेल्या असतात. हेतु रोग निपटून काढण्याचा नसून सुखाचे दिवस वाढविण्याचा असतो. बहुतेकांचे केंस झडत नाहींत. फक्त पूडलसारख्या, ज्यांचे केंस सतत वाढतात अशा जातींचे विरळ होतात. उलटी, जुलाब, एक-दोन दिवस अन्नावरची वासना जाणें, हें होतें. औषधानंतर साधारण आठवड्यानें पांढऱ्या पेशी तळास जातात. त्या दिवसांत ताप आला तर सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांत औषधें मेंदूबाहेर ठेवणाऱ्या एका जनुकांत दोष असतो, असें २००१ सालीं अमेरिकेंत आढळून आलें. अशा कुत्र्यांस व्हिन्क्रिस्टिनची नेहमींची मात्राही जड जाते. घरांतील माणसांनींही जपावें. औषधानंतर तीन दिवस कुत्र्याची लघवी व विष्ठा हातमोजे घालून उचलावी, आणि गर्भवती स्त्रीनें तें काम मुळींच करूं नये.

हे उपचार माणसांकडून कुत्र्यांकडे आले खरे, पण देणें एकतर्फी नाहीं. एका कुत्र्याचें रक्त दुसऱ्यास चढविण्याचा प्रयोग रिचर्ड लोअर यानें ऑक्सफर्ड येथें १६६५ सालीं केला, आणि आज पांडुरोगी कुत्र्यास दिलें जाणारें रक्त त्याच वाटेनें येतें. मज्जारोपणाची विद्या डॉनल टॉमस आणि त्याचे सहकारी यांनीं १९५५ नंतर कूपर्सटाउन येथें, व पुढें सिॲटल येथें, कुत्र्यांवरच पक्की केली. लिम्फोमानें आजारी असे लोकांनीं पाळलेले कुत्रेही सिॲटल येथें मज्जा देऊन उपचारिले गेले. टॉमस यास १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांच्या घरांतील माणूस मज्जारोपणानें ल्युकेमियांतून उठला, त्यांचें ऋण थोडेंबहुत त्या कुत्र्यांकडेही लागतें.

खऱ्या ल्युकेमियाचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तीव्र प्रकारांत मज्जेंतून अपक्व पेशींचा लोंढा रक्तांत येतो. कुत्रा कांहीं दिवसांतच गळतो, आणि उपचार करूनही बहुधा आठवड्यांचाच प्रश्न उरतो. जुनाट प्रकार वृद्ध कुत्र्यांचा. दांत साफ करण्यासाठीं किंवा दुसऱ्या कांहीं कारणानें रक्त तपासलें असतां लसिकापेशी फार वाढलेल्या दिसतात, आणि कुत्रा मात्र ठणठणीत असतो. कित्येकदां त्यास कांहीं काळ औषधही देत नाहींत. पुढें क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर तो दोन-दोन वर्षें, क्वचित् अधिकही, आपलें म्हातारपण स्वस्थपणें घालवितो. ‘ल्युकेमिया’ हा एकच शब्द ऐकून या दुसऱ्या कुत्र्याच्या घरीं रडारड झाल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांना अपरिचित नाहींत.

उपचार चालू असोत वा नसोत, घरीं करण्याचें काम एकच : आठवड्यांतून एकदां त्याच तीन जागीं हात फिरवून पाहणें, वजन टिपून ठेवणें, हिरड्यांचा रंग पाहणें. गांठी परत आल्या तर दुसऱ्या फेरीचीं औषधें असतात, पण दर फेरीचा गुण आधीच्या फेरीहून थोडा. खर्च किती झेपेल, दवाखान्याच्या खेपा कोण करील, कुत्रा सुईला किती भितो, याचा हिशेब दर घराचा निराळा, आणि पहिल्या फेरीनंतर थांबणाऱ्यास निष्ठुर म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. दोन-तीन दिवस खाणें सुटलें, ओळखीच्या माणसाकडे मान वळविणेंही बंद झालें, श्वासास कष्ट पडूं लागले, म्हणजे पशुवैद्याजवळ दयामरणाविषयीं बोलावें. तें इंजेक्शन म्हणजे भूल देणाऱ्या औषधाचीच मोठी मात्रा असते. कुत्रा आधीं झोपतो, आणि हृदय मागाहून थांबतें. घरांतील माणसास त्या वेळीं त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसतां येतें, आणि कित्येक पशुवैद्य त्यासाठीं घरींही येतात.